बागेंतील उमेदवारी

ज्या घरांत महाविद्यालयांत जाणारा मुलगा किंवा मुलगी आहे, त्या घरांत हल्लीं 'इंटर्नशिप' हा शब्द वरचेवर ऐकूं येतो. शब्द नवा असला तरी वस्तु नवी नाहीं. आपल्याकडे तिला 'उमेदवारी' असें नांव होतें. वकिलाच्या कचेरींत, छापखान्यांत, वैद्याच्या औषधालयांत किंवा सोनाराच्या पेढीवर तरुण मनुष्य जाणत्याच्या हाताखालीं कांहीं काळ राबे, पडेल तें काम करी आणि तें करतां करतां धंद्याचें मर्म उचली. निवडणुकांच्या धामधुमींत या शब्दाचा हा जुना अर्थ मागें पडला आहे. आजच्या भाषणापुरता तो मी पुन्हां पुढें आणणार आहें.

ही उमेदवारी बँकेंत, कारखान्यांत किंवा संगणकाच्या कंपनींत करावी, हें आतां सर्वांच्या अंगवळणीं पडलें आहे. सार्वजनिक उद्यानांत, रोपवाटिकेंत आणि वनांतहि ती करतां येते, व तिच्यांतून पुढें पोटापाण्याचा व्यवसाय उभा राहूं शकतो, ही गोष्ट मात्र सुशिक्षित घरांत क्वचितच कोणाच्या मनांत येते. झाडांची आवड असलेल्या मुलाला आपण 'छंद म्हणून ठीक आहे' असें सांगून गप्प करतों. मला येथें सांगावयाचें आहे तें एवढेंच कीं, झाडें सांभाळणें ही एक विद्या आहे. ती प्रत्यक्ष कामावर, जाणत्याच्या देखरेखीखालीं आणि पोटाला कांहीं मिळत असतांनाच नीट शिकतां येते. आणि ज्या समाजानें तशी सोय करून ठेवली, त्याला आपलीं वनें व बागा राखणारीं माणसें मिळालीं.

ही विद्या आहे कशावरून, तें प्रथम पाहूं. रस्त्यावरील झाडाची एक जाड फांदी कापावयाची आहे असें समजा. न शिकलेला मनुष्य वरून करवत चालवितो. अर्धीअधिक कापली गेली कीं फांदी स्वतःच्या भारानें मोडते आणि खालीं येतांना खोडाची साल हातभर सोलून नेते. शिकलेला मनुष्य तीन काप घेतो. पहिला काप खोडापासून दीड-दोन वीत दूर, फांदीच्या खालच्या अंगानें आणि थोडासाच. दुसरा त्याच्या किंचित् पुढें, वरून खालीं आरपार. आतां फांदी मोडली तरी सोलणारी साल पहिल्या कापापाशीं थांबते. उरलेला खुंट तो तिसऱ्या कापानें काढतो. परंतु तो खोडाशीं अगदीं सपाट करीत नाहीं. फांदी जेथें खोडाला मिळते, तेथें सालीचें एक फुगीर कडें असतें. त्या कड्याच्या बाहेरून तो करवत नेतो.

या कड्याचें महत्त्व ॲलेक्स शिगो या अमेरिकन शास्त्रज्ञानें हजारों झाडें उभीं चिरून दाखवून दिलें. आपल्या कातडीची जखम भरून येते, तशी झाडाची येत नाहीं. झाड आपला जखमी भाग आंतल्या आंत कोंडून टाकतें आणि त्यावर नवें लाकूड चढवितें. कडें शाबूत असेल तर हें कोंडणें नीट साधतें. तें कापलें गेलें तर कुजीला खोडांत शिरण्यास वाट मिळते. चुकीच्या कापाची शिक्षा त्या दिवशीं कोणालाच होत नाहीं. झाड हिरवेंच दिसतें. आंतली कूज वर्षानुवर्षें वाढत राहते, आणि एखाद्या पावसाळी रात्रीं तें झाड उभ्या मोटारीवर किंवा चालत्या माणसावर कोसळतें. मग आपण वाऱ्याला दोष देतों.

तीच गोष्ट मुळांची. मुळांना पाण्याइतकीच हवाहि लागते, हें ठाऊक नसल्यामुळें आपल्या शहरांतून बुंध्याला लागून फरशी बसविली जाते किंवा सिमेंट ओतलें जातें. दिल्लींतील झाडांच्या भोंवतालचें एक मीटरच्या आंतील काँक्रीट काढून टाकावें, असा आदेश राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाला २०१३ सालीं द्यावा लागला. फरशी बसविणाऱ्या कारागिराच्या शेजारीं झाडांचें ज्ञान असलेला एक मनुष्य उभा असता, तर हा प्रश्न न्यायासनापर्यंत जाताच ना.

श्रोतेहो, तीन कापांची ही रीत आपण आतां ऐकलीत. उद्यां ती पुस्तकांतहि वाचतां येईल. परंतु करवत हातांत घेतल्यावर फांदीचा भार कोणीकडे आहे, ती केव्हां मोडणार, दोर कोठें बांधावा, हें शेजारीं उभ्या असलेल्या जाणत्यानें दाखविल्यावांचून कळत नाहीं. कलम बांधणें, डोळा भरणें, रोप मुळाच्या मातीसह उचलून दुसरीकडे लावणें, पानावरून रोग ओळखणें, या सर्वांची तीच तऱ्हा आहे. त्यांतून बागेची शाळा वर्षाच्या फेऱ्यानें चालते. जो उमेदवार पावसाळा, हिवाळा आणि उन्हाळा हे तिन्ही ऋतु एका जागीं काढीत नाहीं, त्याला ती बाग अर्धीमुर्धीच कळते.

आतां दुसऱ्यांनीं ही सोय कशी केली तें पाहूं. लंडनजवळ क्यू येथें एक प्रसिद्ध वनस्पति-उद्यान आहे. १७५९ सालीं राजघराण्याच्या जागेंत त्याचा प्रारंभ झाला आणि १८४० सालीं तें सरकारच्या ताब्यांत आलें. तेथील काचगृहें व दुर्मिळ वृक्ष पाहावयास जगभरचे लोक जातात. परंतु त्या उद्यानानें झाडांबरोबर माळीहि तयार केले, इकडे प्रवाशांचें लक्ष सहसा जात नाहीं. तरुण उमेदवारानें दिवसा वाफ्यांत आणि काचगृहांत काम करावें व जोडीला व्याख्यानें ऐकावींत, अशी तेथील जुनी पद्धत. १९६३ सालीं या शिक्षणाला तीन वर्षांच्या पदविकेचें रूप आलें, तरी काम आणि अभ्यास एकाच जागीं हें सूत्र कायम राहिलें. विद्यार्थ्यापुढें डहाळ्या मांडून ठेवावयाच्या आणि त्यानें प्रत्येकीचें कुल, प्रजाति व जाति लिहून द्यावयाची, ही परीक्षा तेथें वारंवार होते. लांकडी तळाचे जोडे व एप्रन घालून धांवण्याची एक शर्यतहि तेथील विद्यार्थी परंपरेनें लावतात. जुन्या माळ्यांच्या पोषाखाची ती आठवण आहे.

क्यूच्या इतिहासांतील एक प्रसंग मुलींच्या पालकांनीं विशेष लक्षांत घेण्यासारखा आहे. १८९६ सालीं स्वान्ली येथील उद्यानविद्येच्या महाविद्यालयांत शिकलेल्या तरुणींना क्यूनें प्रथमच माळीकामावर घेतलें. पुरुष कामगारांचें लक्ष विचलित होऊं नये म्हणून त्यांनीं पुरुषी धर्तीची आंखूड विजार व जाकीट घालावें, अशी अट होती. परिणाम उलटाच झाला. त्यांना पाहण्यासाठींच लोकांची गर्दी होऊं लागली आणि वर्तमानपत्रांना थट्टेला विषय मिळाला. थट्टा विरून गेली, काम राहिलें. त्यांच्यांतील ॲनी गल्विन ही लवकरच वेल्समधील एका बागेवर मुख्य माळीण म्हणून नेमली गेली. पुढें महायुद्धांत पुरुष रणांगणावर गेले, तेव्हां बाग सांभाळण्यास स्त्रियांनाच बोलवावें लागलें.

क्यूच्या उमेदवारीचें फळ आपल्या देशालाहि मिळालें आहे, आणि तें येथें आणण्यास एक मराठी राजा कारण झाला. गुस्ताव क्रुम्बिगेल हे जन्मानें जर्मन. क्यू येथें त्यांनीं काम केलें होतें. १८९३ सालीं ते बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या संस्थानांत आले आणि तेथील उद्यानांचें काम पाहूं लागले. पुढें म्हैसूर संस्थानानें त्यांना बोलावून घेतलें, आणि १९३२ पर्यंत बंगलोरची लालबाग त्यांच्या देखरेखीखालीं होती. वर्षाच्या कोणत्याहि महिन्यांत शहरांतील एखादा तरी रस्ता फुललेला असावा, अशा हिशेबानें त्यांनीं निरनिराळ्या ऋतूंत फुलणारे वृक्ष रस्तोरस्तीं लावविले; बंगलोरच्या लौकिकाचा मोठा भाग या योजनेचा आहे. त्यांच्यामागून आलेले जवरय्या यांचें शिक्षणहि क्यू येथेंच झालेलें होतें. लालबागेंत शेतकऱ्यांच्या मुलांना विद्यावेतन देऊन दहा महिने उद्यानकाम शिकविणारा अभ्यासक्रमहि कर्नाटकाचें उद्यान खातें चालवीत आलें आहे. एका शिकलेल्या माळ्याच्या मागें अशी परंपरा उभी राहते.

बागेकडून आतां वनाकडे वळूं. १९३३ सालीं अमेरिकेंत मंदीनें कहर केला होता. काम करूं शकणाऱ्या चार माणसांपैकीं एक बेकार होता. दुसरीकडे जंगलें तोडून उजाड झालेल्या टेंकड्या होत्या आणि शेतांची माती वाऱ्यानें उडून जात होती. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनीं या दोन संकटांची गांठ घालून दिली. बेकार तरुणांचें एक 'सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअर', म्हणजे वनरक्षणाचें मुलकी दल, उभारण्यांत आलें. तरुणांनीं छावणींत राहावें, झाडें लावावींत, वणवे विझवावे, बांध घालावे आणि उद्यानांतून रस्ते व निवारे बांधावे, अशी योजना होती. महिन्याचें वेतन ३० डॉलर. त्यांतील सुमारें २५ डॉलर परस्पर घरीं जात. १९४२ पर्यंत हें दल चाललें. तेवढ्या अवधींत सुमारें ३० लाख तरुण त्यांतून गेले आणि त्यांच्या हातून ३ अब्जांच्या आसपास झाडें लागलीं. सायंकाळीं छावणींत वर्ग भरत, आणि ४० हजारांहून अधिक निरक्षर तरुण त्यांत लिहावयास वाचावयास शिकले. सर्व आयुष्य फळ्यापुढें काढलेल्या माझ्यासारख्याला झाडांच्या आंकड्यापेक्षां हा आंकडा मोठा वाटतो.

त्या योजनेंत उणीवा होत्या. स्त्रियांना त्या दलांत प्रवेश नव्हता आणि कृष्णवर्णीय तरुणांना बहुधा निराळ्या छावण्यांत ठेवीत. युद्ध आलें आणि दल मोडलें. युद्धानंतर लोकांच्या हातीं मोटारी आल्या, राष्ट्रीय उद्यानांत गर्दी उसळली, आणि देखभालीस माणसें पुरेनात. १९५३ सालीं बर्नार्ड डी व्होटो या लेखकानें त्राग्यानें लिहिलें कीं, उद्यानें सांभाळण्यापुरता पैसा देतां येत नसेल तर तीं बंद तरी करा. या लेखावरून व्हासार महाविद्यालयांतील एलिझाबेथ कुशमन या विद्यार्थिनीला एक कल्पना सुचली. उद्यानांना हात हवे आहेत आणि विद्यार्थ्यांना उन्हाळ्याची सुटी असते. १९५५ सालीं तिनें पदवीच्या प्रबंधांत विद्यार्थ्यांच्या संरक्षक दलाची योजना मांडली. बहुतेक प्रबंध कपाटांत जातात. हिनें आपला प्रबंध हातीं घेऊन उद्यानांच्या अधिकाऱ्यांचीं दारें ठोठावलीं. १९५७ सालीं ऑलिंपिक आणि ग्रँड टीटन या दोन राष्ट्रीय उद्यानांत ५३ विद्यार्थ्यांची पहिली तुकडी कामाला लागली. त्यांतूनच 'स्टुडंट कॉन्झर्व्हेशन असोसिएशन' ही संस्था उभी राहिली, आणि २०१० सालीं त्या बाईंना राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते नागरिक पदक मिळालें.

हे विद्यार्थी करीत काय? एक काम सांगतों. आपले सह्याद्रींत भटकणारे तरुण तें लगेच ओळखतील. डोंगरावरच्या पायवाटेनें पावसाचें पाणी धांवूं लागलें कीं वाटेचा ओढा होतो. लोक मग शेजारून चालतात, दुसरी वाट पडते, तिचाहि ओढा होतो, आणि पाहतां पाहतां उतार उघडा पडतो. यावर उपाय म्हणजे वाटेंत ठराविक अंतरावर दगडांची किंवा ओंडक्याची तिरपी ओळ पुरावयाची, म्हणजे पाणी वेग घेण्यापूर्वीं बाजूच्या गवतांत उतरतें. ती किती तिरपी, किती खोल आणि किती अंतरावर, याची समज मात्र जाणत्याबरोबर काम करूनच येते.

आपल्याकडे दारें नाहींत असें नाहीं. तीं कोठें आहेत हें घरांत ठाऊक नसतें. महाराष्ट्रांत राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली येथें चार कृषि विद्यापीठें आहेत, आणि उद्यानविद्येची चार वर्षांची पदवी त्यांच्या महाविद्यालयांतून मिळते. या पदव्यांच्या शेवटच्या वर्षांत विद्यार्थ्याला वर्गाबाहेर पाठवून प्रत्यक्ष काम करावयास लावणारा 'स्टुडंट रेडी' हा उपक्रम २०१५ पासून देशभर आहे. ज्याला पदवीपर्यंत जावयाचें नाहीं, त्याला औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून उद्यानकामाचा अभ्यासक्रम घेतां येतो. केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयानें २०१७ सालीं हरित कौशल्याचा कार्यक्रम काढला, तेव्हां त्याचे पहिले वर्ग वनस्पति व प्राणी सर्वेक्षण संस्थांतून भरले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर तर इतर शाखांच्या पदवी-अभ्यासक्रमांतहि प्रत्यक्ष कामाच्या अनुभवाला स्थान मिळालें आहे. म्हणजे वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थिनीनें आपली उमेदवारी एखाद्या उद्यानांत करावयाची म्हटली, तर तो अभ्यासाचाच भाग होऊं शकतो.

अशीं उद्यानेंहि जवळ आहेत. मुंबईची राणीची बाग १८६२ सालीं खुली झाली. ती आज वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान या नांवानें महापालिकेकडे आहे. पुण्यांत एम्प्रेस बाग आहे, आणि १८७३ सालीं सुरू झालेली गणेशखिंडीची बाग कृषि महाविद्यालयाकडे आहे. अशा ठिकाणच्या मुख्य अधिकाऱ्यास एक साधें, विनयशील पत्र लिहून काम मागण्यास कोणाची हरकत नसावी.

पुढें नोकरी कोठें, हा प्रश्न पालक विचारणारच आणि तो विचारलाच पाहिजे. महाराष्ट्रांत नागरी भागांतील झाडांच्या रक्षणाचा कायदा १९७५ सालीं झाला. त्या अन्वयें वृक्ष प्राधिकरण आणि वृक्ष अधिकारी असावा लागतो व दर पांच वर्षांनीं झाडांची गणना करावी लागते. २०२१ सालच्या दुरुस्तीनें ५० वर्षांहून अधिक वयाच्या झाडांना वारसा-वृक्ष हा दर्जा दिला. एकट्या मुंबईंत २०१८ च्या सुमारास पूर्ण झालेल्या गणनेंत जवळजवळ २९ लाख ७५ हजार झाडें भरलीं. तीं ओळखावयाचीं, त्यांचें वय ठरवावयाचें, त्यांतील कोणतें आंतून पोकळ आहे तें सांगावयाचें, तर त्याला माणसें शिकलेलींच हवींत. पालिकांचीं उद्यान खातीं, वन विभागांतील वनरक्षकापासून वनक्षेत्रपालापर्यंतच्या जागा, रोपवाटिका, गृहसंस्थांच्या व कारखान्यांच्या बागा आणि झाडांची तपासणी करणारे खाजगी सल्लागार, असें हें क्षेत्र आहे. प्रारंभीचा पगार संगणकाच्या कंपनीइतका नसतो, सरकारी जागा थोड्या असतात आणि उन्हातान्हांत उभें राहावें लागतें. हें मुलांपासून लपवूं नये.

उमेदवारी निवडतांना घरच्या वडील मंडळींनीं चार गोष्टी विचारून घ्याव्या. पहिली, शिकविणार कोण? नांव घेऊन दाखवितां येईल असा एक जाणता मनुष्य नसेल, तर तेथें नुसती वेठ होईल. दुसरी, काम कोणतें? पाहुण्यांच्या हस्ते रोप लावतांनाचीं छायाचित्रें काढणें आणि फलक धरून उभें राहणें हें काम नव्हे. लावलेल्या रोपाला पुढचे दोन उन्हाळे पाणी कोण घालणार, असें विचारावें. उत्तर ऐकलें कीं संस्थेची परीक्षा होते. तिसरी, विद्यावेतन किती? फुकट राबण्याची अट असली म्हणजे ज्याच्या घरीं सहा महिने थांबण्याची ऐपत आहे तोच शिकतो, आणि ज्याला रोजी मिळविणें भाग आहे तो कितीहि हुशार असला तरी बाहेर राहतो. अमेरिकेच्या त्या दलांतले २५ डॉलर दरमहा घरीं जात होते, म्हणूनच गरिबाघरचीं मुलें छावणींत टिकूं शकलीं. चौथी, शेवटीं हातीं काय? काय काय शिकविलें तें लिहिलेलें प्रमाणपत्र मिळावें. आणि उमेदवारानेंहि रोजच्या कामाची वही ठेवावी. कोणतें बीं किती दिवसांनीं रुजलें, कोणती फांदी केव्हां कापली, हें टिपलेली एक जाड वही पुढें प्रमाणपत्रापेक्षां अधिक उपयोगीं पडते.

आणखी एक अडचण आहे. तिच्यावर सरकारी योजना चालत नाहीं, कारण ती आपल्या माजघरांत आहे. 'एवढें शिकून माळी होणार काय?' हा तो प्रश्न. शाळेंत असतांना हा प्रश्न मीं अनेक वडिलांच्या तोंडून ऐकला आहे, आणि प्रत्येक वेळीं मुलाची मान खालीं गेलेली पाहिली आहे. शरीराचे व्याधि जाणणाऱ्याला आपण डॉक्टर म्हणून मान देतों. शंभर वर्षांच्या वडाचा व्याधि जाणणाऱ्याला मात्र आपण बाहेरच्या ओट्यावर बसवितों. आपल्या बागांतून पिढ्यान्‌पिढ्या काम केलेल्या माळ्यांच्या हातांत किती ज्ञान आहे, याची दाद आपण कधीं घेतली नाहीं. म्हणून तें लिहून ठेवलें गेलें नाहीं, आणि त्यांच्याबरोबर तें चाललें आहे. शिकलेला तरुण त्यांच्या शेजारीं उकिडवा बसून डोळा भरण्यास शिकला, तर त्याचें पुस्तकी ज्ञान पक्कें होईल आणि त्यांचें हातचें ज्ञान कागदावर उतरेल.

यंदां परीक्षा संपून सुटी लागली म्हणजे आपल्या घरांत पुढचा बेत ठरेल. मुलाला किंवा मुलीला झाडांची ओढ असेल, तर त्या बेतांत उद्यानाचें नांवहि असूं द्या. एक सुटी बागेंत गेल्यानें कोणाचें नुकसान होत नाहीं. आवड खरी नसेल तर जूनपर्यंत कळेल. खरी असेल तर पुढील तीस-चाळीस वर्षें एखाद्या शहराच्या झाडांना राखणदार मिळेल.